प. खा. म्हणजे कुठला जिल्हा?

शेतातून नुकत्याच घरी आलेल्या, चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसलेल्या सगळ्या ताया, काकू आणि आज्यांना आमचा रामराम.

एरवी आम्ही इथं बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं, मुलींच्या शाळेचं बोलतो. आज इतिहासाचं बोलणार आहोत. पण घाबरू नका, राजांच्या लढाया पाठ करायच्या नाहीत. आपल्या जिल्ह्याची हद्द कशी कशी बदलत गेली, एवढंच आज सांगायचं आहे. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. तेव्हा गव्हर्नर जनरल लोकांची नावं ओळीनं पाठ केली. आपल्या स्वतःच्या जिल्ह्याचं नाव किती वेळा बदललं, हे मात्र परीक्षेत कुणी विचारलं नाही आणि आम्हीही शोधलं नाही. ते शोधायची वेळ आली ती एका कागदामुळं.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. जात पडताळणीचा दाखला हवा होता. आदिवासी समाजाच्या माणसाला त्यासाठी आपलं घराणं ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथलंच आहे, हे कागदानं दाखवावं लागतं. ताईंनी गावच्या शाळेतून मुलीच्या आजोबांचा जुना उतारा काढून आणला. अक्षर वळणदार, शाई उडालेली. त्यावर गावाचं नाव, पुढं ‘ता. तळोदे’ आणि त्यापुढं ‘जि. प. खा.’ अर्ज भरणाऱ्या मुलानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे प. खा. म्हणजे काय? यादीत असा जिल्हाच नाही.” अर्ज गेला तसा त्रुटी लागून परत आला. कागदावरचा जिल्हा आणि अर्जातला जिल्हा जुळत नाही, असा शेरा होता. ताई म्हणाल्या, “अहो, गाव तेच आहे, घर तेच आहे, विहीरही तीच आहे. आम्ही कुठं गेलोच नाही.”

खरंच होतं ते. माणसं जागची हलली नव्हती, हलला होता तो जिल्हा. प. खा. म्हणजे पश्चिम खानदेश. आज ज्याला आपण धुळे आणि नंदुरबार म्हणतो, ते दोन्ही मिळून एके काळी पश्चिम खानदेश होतं. त्याच्याही आधी जळगावसकट सगळा मिळून एकच जिल्हा होता, खानदेश.

आता सुरुवातीपासून बघू.

खानदेश हे नाव इंग्रजांनी दिलेलं नाही, ते फार जुनं आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी थाळनेरला फारुकी घराण्याचं राज्य सुरू झालं. थाळनेर म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. पुढं फारुकींनी बऱ्हाणपूर वसवलं आणि तिथं राजधानी नेली. अकबर बादशहानं १६०१ साली अशीरगड घेतला आणि हा मुलूख मोगलांच्या हाती गेला. त्यानं आपल्या दानियाल नावाच्या मुलावरून या सुभ्याचं नाव ‘दानदेश’ ठेवलं. ते नाव कागदावर काही दिवस राहिलं, लोकांच्या तोंडी खानदेशच राहिलं. ज्या बऱ्हाणपुरातून खानदेशाचा कारभार चालायचा, ते शहर आज मध्य प्रदेशात आहे. म्हणजे हद्दी हलण्याची गोष्ट आपल्याकडं इंग्रजांच्याही आधीपासूनची आहे.

मोगलांनंतर मराठे आले. या मुलखात काही परगणे पेशव्यांकडं, काही होळकरांकडं, काही शिंद्यांकडं होते. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख इंग्रज कंपनीला दिला. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. कंपनीनं हे सगळे तुकडे एकत्र करून खानदेश जिल्हा केला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याकडं इथला कारभार आला. त्यानं धुळे हे मुख्य ठाणं ठरवलं, कारण ते मुलखाच्या साधारण मध्यावर होतं आणि मुंबई–आग्रा रस्त्यावर होतं. धुळ्याला जिल्ह्याची कचेरी आली ती अशी.

इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. इंग्रजांच्या लेखी जिल्हा म्हणजे काय? एका कलेक्टरच्या हाताखाली जेवढी जमीन, तेवढा जिल्हा. कलेक्टर या शब्दाचा अर्थच मुळी गोळा करणारा. शेतसारा गोळा करायचा, खजिन्यात भरायचा, बंदोबस्त ठेवायचा. जिल्ह्याची रेघ ओढताना तिथले लोक कुठली बोली बोलतात, बाजाराला कुठं जातात, लेकी कुठं देतात, हे विचारायची पद्धत नव्हती. सारा नीट वसूल झाला आणि बंडावा झाला नाही, म्हणजे रेघ बरोबर.

बंडावा मात्र झाला. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांतल्या भिल्ल लोकांनी नवा अंमल सुखासुखी मानला नाही. डोंगरवाटांची राखण करायचे आणि त्याबद्दल मिळणारे त्यांचे जुने हक्क होते, ते गोंधळात पडले होते. फौजा पाठवून काम भागेना, तेव्हा १८२५ साली जेम्स आउटरॅम या अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. जे लढत होते त्यांच्यातल्याच काहींना नोकरी दिली आणि त्यांच्याकरवी डोंगर ताब्यात आणला.

शेतकरीही गप्प बसले नव्हते. १८५२ साली सरकारनं जमिनीची नवी मोजणी सुरू केली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले शेतकरी हजारोंनी जमले. मोजणी झाली की सारा वाढेल, ही भीती होती. सरकारनं फौज आणली, पुढाऱ्यांना धरलं आणि मोजणी पुढं रेटली. आज सातबाऱ्यावर जे गट नंबर आणि हद्दी आपण बघतो, त्यांची मुळं त्या काळच्या मोजणीत आहेत. साखळी घेऊन आलेला माणूस आपल्या रानात नुसतं मोजायला आलेला नसतो, हे त्या शेतकऱ्यांना चांगलं कळत होतं.

या सगळ्या काळात जिल्ह्याची हद्द एका जागी नव्हतीच. यावलकडचा भाग शिंद्यांकडून १८४३ च्या सुमारास इंग्रजांकडं आला, तो खानदेशाला जोडला. मग १८६९ साली उलटं झालं. नाशिक हा नवा जिल्हा केला आणि त्यासाठी मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे भाग खानदेशातून काढून नाशिकला दिले. बागलाण म्हणजे आपल्या बोलण्यातलं सटाणा.

आता मैत्रिणींनो, विचार करा. सटाण्याची, मालेगावकडची सून तुमच्या गावात असेलच. ती घरात काय बोलते? अहिराणीच बोलते ना! तिच्या माहेरीही श्रावणात कानबाई बसते, रोट होतात. आखाजीला तिकडच्याही लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. तिचं गाव नाशिक जिल्ह्यात जाऊन दीडशे वर्षं उलटली, तरी तिची बोली आणि तिचे सण नाशिकला गेले नाहीत. कलेक्टरच्या नकाशात एक रेघ पडली, पण आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींचा नकाशा वेगळाच राहिला. आम्हाला तर वाटतं, खानदेश कुठपर्यंत आहे हे बघायचं असेल, तर जिल्ह्याचा फलक बघू नये. आखाजीला एसटीत बसलेल्या बायका कुठं कुठं उतरतात, ते बघावं.

नाशिकला एवढा भाग देऊनही खानदेश भला मोठा जिल्हा होता. क्षेत्र १०,०४१ चौरस मैल. १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या १४ लाख २७ हजारांवर. पूर्वेला रावेर–एदलाबादपासून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरपासून, पश्चिमेला पार नवापूरपर्यंत आणि अक्राणीच्या डोंगरापर्यंत. एका कलेक्टरला एवढं सांभाळणं जड होतं. मग १९०६ साली जिल्ह्याचे दोन भाग केले. धुळे मुख्य ठाणं ठेवून पश्चिम खानदेश, आणि जळगाव मुख्य ठाणं करून पूर्व खानदेश.

या वाटणीचे आकडे आम्ही वहीत मांडून बघितले. १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे पूर्व खानदेशात ४,५४४ चौरस मैल जमीन आणि ९ लाख ५७ हजार माणसं. पश्चिम खानदेशात ५,४९७ चौरस मैल जमीन, पण माणसं फक्त ४ लाख ६९ हजार. म्हणजे पश्चिमेला जमीन जास्त आली आणि माणसं पूर्वेच्या निम्म्याहून कमी. पूर्वेला तापीकाठची काळी जमीन, कापूस, भुसावळ–जळगावची रेल्वे, बाजारपेठा. पश्चिमेला काळी जमीन होती तशी डोंगर, जंगल आणि विरळ पाडेही होते. शिवाय अक्कलकुव्याच्या बाजूला काठीसारखी मेवासी संस्थानं होती. तिथं छोटे छोटे आदिवासी राजे होते आणि त्यांच्यावर देखरेख कलेक्टरची. काठीची होळी आजही तुम्ही बघायला जाता, ती त्याच काठीची. ती संस्थानं स्वातंत्र्यानंतर पुरती जिल्ह्यात मिसळली.

वाटणीची रेघ कागदावर सरळ दिसते. पण तिच्या एका बाजूला सोयी आधी पोचल्या आणि दुसऱ्या बाजूच्या डोंगरात उशिरा, हे आजही तळोदे, धडगावकडच्या बायकांना कुणी वेगळं सांगायला नको.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका बाईचं उदाहरण घेऊ, बहिणाबाई चौधरींचं. त्यांचा जन्म १८८० सालचा, आसोद्याचा. जन्मल्या तेव्हा जिल्हा खानदेश. लग्न होऊन त्या जळगावला आल्या, तोही खानदेशच. त्या पंचविशी ओलांडतात न ओलांडतात तोच जिल्हा पूर्व खानदेश झाला. १९५१ साली जळगावलाच त्या वारल्या, तेव्हाही जिल्हा पूर्व खानदेशच होता. आज पाठ्यपुस्तकात वाचणारी मुलगी म्हणते, बहिणाबाई जळगाव जिल्ह्यातल्या. चुकीचं काही नाही. पण बहिणाबाईंच्या हयातीत त्या नावाचा जिल्हा नव्हता. माहेर आणि सासर यांच्यात दोन–चार मैलांचं अंतर, तेवढ्यात साऱ्या जन्माचा संसार, आणि तरी एकाच बाईच्या पत्त्यात तीन जिल्हे लिहिता येतात. तुमच्या आजीचंही असंच असणार. घरी गेल्यावर विचारून बघा.

स्वातंत्र्यानंतर राज्यं भाषेवर करायची ठरली. १९५६ साली मराठी आणि गुजराती भाग मिळून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. आनंदाचा दिवस, आपण दरवर्षी झेंडा लावतो. पण त्या दिवशी आपल्या पश्चिम खानदेशातून काही गेलंही. संसदेनं जो कायदा केला त्याच्या परिशिष्टात गावांच्या याद्या होत्या. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे या तालुक्यांतली कितीतरी गावं गुजरातला गेली. आज निझर, उच्छल ही नावं आपण गुजरातमधली म्हणून घेतो. त्या पट्ट्यातल्या अनेक गावांच्या जुन्या कागदांवर मात्र पश्चिम खानदेश असं लिहिलेलं सापडतं.

भाषेवर वाटणी झाली खरी. पण तिथल्या घरांत कुठली भाषा होती? भिली, मावची, कोकणी. मराठीही शाळेतली आणि गुजरातीही शाळेतली. ज्यांच्या घरात दोन्हींपैकी एकही भाषा नव्हती, त्यांच्या शिवारातून मराठी–गुजरातीची रेघ गेली. एका भावाचं शेत अलीकडं, दुसऱ्याचं पलीकडं, असं झालं.

ही रेघ डोळ्यांनी बघायची असेल तर नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर जा. सुरत–भुसावळ रेल्वे टाकली तेव्हा दोन्ही बाजूंना एकच मुंबई इलाखा होता, त्यामुळं स्टेशन कुठं बांधतोय याचा कुणी विचार करायचं कारण नव्हतं. १९६० साली राज्याची रेघ नेमकी स्टेशनातूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरची खोली गुजरातमध्ये. फलाटावर एक बाकडं आहे, अर्धं या राज्यात, अर्धं त्या राज्यात. लोक हौसेनं त्यावर बसून फोटो काढतात. आम्हीही काढला आहे, खोटं कशाला बोलू! पण हसू ओसरल्यावर आमच्यातलीच एक जण म्हणाली, “आम्ही बायका आयुष्यभर अशाच बाकड्यावर बसलोय.”

तिचं माहेर निझरकडचं आणि सासर इकडचं. तिच्या वडिलांच्या घरचे कागद ती घेऊन आली होती. सगळ्यांत जुना मराठीत, जिल्हा पश्चिम खानदेश. त्यानंतरचा गुजरातीत, जिल्हा सुरत. सगळ्यांत अलीकडचा, तोही गुजरातीत, जिल्हा तापी, कारण २००७ साली सुरतेतून तापी जिल्हा वेगळा झाला. एकाच घराचे तीन कागद, तीन जिल्हे, दोन राज्यं, दोन लिप्या. जात ही बापाच्या घरावरून बघतात, नवऱ्याच्या नाही. म्हणून स्वतःच्या जातीच्या दाखल्यासाठी तिला सीमा ओलांडून माहेरच्या राज्यात जावं लागतं. रेशनकार्ड इकडं, मतदान इकडं, गटाची बचत इकडं, आणि जातीचा कागद तिकडं. सीमाभागातल्या बाईला ही ओढाताण नवी नाही. पण हे असं का, ते कुणी तिला समजावून सांगितलेलं नसतं. ती बिचारी आपलंच काहीतरी चुकलं असं समजून कचेरीच्या पायरीवर बसून राहते.

१९६० साली जिल्ह्यांची नावंही बदलली. पश्चिम खानदेशाचं धुळे झालं आणि पूर्व खानदेशाचं जळगाव. खानदेश हे नाव सरकारी यादीतून गेलं. आता ते राहिलं लोकांच्या बोलण्यात, वांग्याच्या भरतात आणि शेवभाजीच्या हॉटेलांच्या पाट्यांवर.

मग १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्याचे दोन भाग झाले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके मिळून नंदुरबार जिल्हा. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा हे चार तालुके धुळ्याकडं राहिले. आमच्या गटातल्या एक आजी त्याच्या आधीचं सांगतात. जिल्ह्याला काम निघालं की पहाटे पाड्यावरून चालत सडकेला यायचं, एसटीनं नंदुरबार, तिथून दुसऱ्या गाडीनं धुळं. कचेरीत पोचेतो साहेब जेवायला गेलेले. काम उद्यावर. मग रात्र स्टँडवर काढायची, भाकरी सोबत असायची. “एका सहीला दोन दिवस आणि तीन दिवसांची मजुरी,” असा त्यांचा हिशेब. नवीन जिल्हा झाला तेव्हा त्यांना ढोल-ताशांपेक्षा एकच गोष्ट मोलाची वाटली, संध्याकाळी घरी परतता येईल ही.

तरी सगळं झालं असं नाही. धडगावच्या बाईला नंदुरबारही जवळ नाहीच. मधे चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. आणि एक गंमत बघा. जिल्हे दोन झाले, पण जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक धुळे आणि नंदुरबारची मिळून एकच राहिली. म्हणजे सगळ्या रेघा एकाच वेळी हलत नाहीत. महसुलाची वेगळी हलते, बँकेची वेगळी, न्यायालयाची वेगळी. म्हणून कुठल्याही कामाला निघण्याआधी विचारून घ्यायचं, या कामाची कचेरी नेमकी कुठल्या गावाला आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकून आम्ही काय करायचं? आम्हालाही आमच्या बैठकीत हाच प्रश्न पडला होता. त्यातून आम्हाला जे उमगलं, ते सांगतो.

जिल्ह्याची हद्द ही डोंगर किंवा नदीसारखी देवानं घातलेली नाही. कुणीतरी, कुठल्यातरी वर्षी, काहीतरी कारणानं ती घातलेली असते. १८१८ साली सारा गोळा करायला घातली. १८६९ साली नवा जिल्हा उभा करायला बदलली. १९०६ साली कारभार आटोक्यात यावा म्हणून, १९६० साली भाषेसाठी, १९९८ साली लोकांचं अंतर कमी व्हावं म्हणून. पहिल्या तीन वेळी लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. आता तसं नाही. राज्याची हद्द बदलायची तर संसदेत कायदा करावा लागतो. जिल्हा किंवा तालुका बदलायचा तर राज्य सरकार अधिसूचना काढतं, आणि ती पक्की होण्याआधी लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतात. त्या सूचना आजवर लिहिल्या कुणी? गावातल्या चार पुरुषांनी. तालुक्याची कचेरी लांब गेली तर दाखल्यासाठी, निराधारच्या पगारासाठी, रेशनच्या नावासाठी हेलपाटे मारायचे बायकांनी, आणि मत मात्र त्यांचं कुणी विचारलेलं नसतं. पुन्हा कधी नवीन तालुक्याची, नवीन जिल्ह्याची चर्चा निघाली, तर गटाचा ठराव करून, सह्या करून आपलंही म्हणणं पाठवायचं. हे नक्की करता येण्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे कागद. आपल्या घरात पत्र्याच्या पेटीत, गोधडीच्या घडीत, देव्हाऱ्यामागं जुने कागद असतात. शाळेचा उतारा, जन्माची नोंद, सातबारा, एखादी जुनी पावती. त्यावर प. खा. किंवा पू. खा. लिहिलेलं असेल तर तो कागद चुकीचा समजून टाकू नका. तोच तर जुना पुरावा. ज्यांचं गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवायचं. १९०६ च्या आधी खानदेश, १९०६ पासून १९६० पर्यंत पश्चिम खानदेश, १९६० पासून १९९८ पर्यंत धुळे आणि त्यानंतर नंदुरबार. जळगावच्या मैत्रिणींचं सोपं आहे, आधी खानदेश, मग पूर्व खानदेश, मग जळगाव. आणि मालेगाव, नांदगाव, सटाण्याच्या मैत्रिणींचे फार जुने, १८६९ च्या आधीचे कागद निघाले, तर त्यावर खानदेश असणार.

त्या ताईंच्या मुलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही एका पानावर ही चार नावं आणि चार वर्षं लिहिली. त्यासोबत गाव तेच असल्याचा तलाठ्याकडचा दाखला जोडला आणि अर्ज पुन्हा दिला. आणखी दोन खेपा झाल्या. ताईंची पाच दिवसांची निंदणीची मजुरी बुडाली, तेवढ्या दिवसांत एक हप्ताही चुकला, तो गटानं सांभाळून घेतला. पण दाखला मिळाला. मुलगी आता शिकायला गेली आहे. जाताना तिनं आजोबांच्या त्या उताऱ्याची एक झेरॉक्स मागून घेतली. आम्ही विचारलं, “आता कशाला गं? काम झालं ना?” तर म्हणाली, “राहू द्या. उद्या परत जिल्हा बदलला तर?”

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला सगळ्यांत जुना कागद घेऊन या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही आणा, शेजारची वाचेल. त्यावर जिल्ह्याचं नाव काय आहे ते गटाच्या वहीत लिहून ठेवा, शेजारी आजचं नाव लिहा. माहेरचा कागद मिळाला तर तोही आणा. आपल्या गटाच्या बायकांची माहेरं कुठून कुठवर पसरली आहेत, ते त्याच वहीत दिसेल. तो आपला नकाशा.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळेला. तोवर सगळ्यांना रामराम.